पिवळा दिवा आणि उल्ली क्नोडलरचा बंदोबस्त

४ एप्रिल, गुरुवार

बेकरीतून परतताना डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला. नळीचं चित्र, आत ठिपके. घरी येऊन पुस्तिका उघडली. एक्झॉस्टमधला काजळीचा फिल्टर तुंबत आलाय म्हणे.

अशक्य. निम्म्या गावाला मी गाडी शिकवली आहे. ओयगेन राइब्लेच्या हाताखाली पास झालेला माणूस आजही वळताना आरसा बघतो. माझी डिझेल मी फुलासारखी जपतो. रोज सकाळी चौकातली बेकरी आणि परत. इंजिनाला कधी ओरडू दिलेलं नाही. अशा गाडीत काजळी येईलच कुठून?

कॉफी घेताना उलगडा झाला. मागच्या महिन्यात उन्हाळी टायर कुणी बसवले? उल्ली क्नोडलरने. गावात गॅरेज त्याचं एकट्याचं, नाइलाज होता. मी दारात उभा राहून लक्ष ठेवलं होतं, पण मध्ये एकदा मला शिंक आली. त्याला तेवढं पुरतं.

उल्ली म्हणजे गुडरूनचा नवरा. गुडरून म्हणजे माझी आधीची बायको. त्या गोष्टीला बरीच वर्षं झाली. मी ते सगळं विसरलोय. रोज सकाळी उठून विसरतो.

संकल्प: उल्लीचा बंदोबस्त करायचा. शांतपणे, सभ्यपणे, मुळापासून.

६ एप्रिल, शनिवार

स्वेन्या जेवायला आली. तिच्या आवडीची मसूर आणि श्पेट्झले, म्हणजे घरच्या अंड्याच्या शेवया, केल्या. पोरगी सुकलीये लग्नाच्या धावपळीत. १५ जूनला लग्न, बोडन सरोवराकाठी, मेर्सबुर्गला. नवरा हेनिंग बरा आहे. हँडब्रेक फार जोरात ओढतो, पण बरा आहे.

प्रश्न एवढाच, की नवरीला कुणी न्यायचं. गुडरूनला वाटतं उल्लीच्या त्या जुन्या उघड्या गाडीतून न्यावं. क्रीम रंगाची आहे, स्वतः खपून दुरुस्त केलीये म्हणे. स्वेन्या म्हणाली, "मला तुझ्याबरोबर जायचंय, पप्पा. लहानपणी सरोवरावर तूच न्यायचास ना. पण गाडी धड हवी हं. त्या ड्रेसमध्ये मी धक्का मारणार नाही."

मी उठून पाणी प्यायलो.

मग क्रीम आणायला ती माझी गाडी घेऊन गेली. परत आली ती विचारतच, "हा पिवळा दिवा कसला?" मी म्हणालो, नवीन गाड्यांत असतो तसला. ती म्हणाली, "तुझी गाडी नवीन नाहीये."

९ एप्रिल, मंगळवार

पोरीने दिव्याची गोष्ट आईला सांगितली, आईने उल्लीला. उल्लीचा निरोप आला: "मास्तरांना म्हणावं, काही झालेलं नाही. हायवेला लागा, सिंगेनच्या दिशेने अर्धा तास चांगली दाबून चालवा. गाडी तापली की काजळी आत जळून जाते, दिवा आपोआप विझतो. माझ्याकडे यायचीसुद्धा गरज नाही."

मला मास्तर म्हणतो. माझ्याकडेच शिकला, रिव्हर्स पार्किंगमध्ये एकदा आपटला होता. तेव्हापासून हे सगळं चाललंय, असं माझं मत आहे.

आता हा सापळा बघा. मी दाबून चालवायची, मग एकतर कॅमेऱ्यात सापडायचं, नाहीतर इंजिन फुटायचं. आणि लग्नाच्या दिवशी क्रीम रंगाची गाडी हजर!

मी हायवेला जाणार नाही. उलट फिल्टरला विश्रांती देणार. आजपासून आणखी हळू, आणखी कमी. दिव्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. आता दिवा नाही.

१६ एप्रिल, मंगळवार

आनंदाची बातमी. इंजिनातलं ऑइल तपासलं तर वाढलेलं! इतक्या वर्षांत असं कधी पाहिलं नव्हतं. लोकांचं ऑइल कमी होतं, माझं वाढतं. हे संयमाचं फळ.

एक गोष्ट मात्र खटकते. हल्ली घरी पोचलो की बॉनेटखाली पंखा घोंघावत असतो आणि जळका वास येतो. उल्लीने आत काहीतरी बसवलंय यात शंका नाही. असा वास आला की मी लगेच गाडी बंद करतो. एकदाही पुढे जळू दिलेलं नाही.

२४ एप्रिल, बुधवार

सूड, भाग पहिला. इंटरनेटवर उल्लीच्या गॅरेजबद्दल अभिप्राय लिहिला. नाव हिल्डे, राहणार ब्योब्लिंगेन. एकेक शब्द तोलून लिहिला: "या माणसाकडे दुरुस्तीला गेलं तर तो दुरुस्तीच करत नाही! म्हणतो, काही झालेलं नाही, हायवेवर फिरून या, पैसे नकोत. याला धंदा म्हणतात का? मी अशा माणसाकडे पुन्हा कशाला जाऊ?"

वाचून मलाच त्याची दया आली. पण ठेवला.

२९ एप्रिल, सोमवार

उल्लीच्या गॅरेजसमोर गाड्यांची रांग. थेट टुबिंगेनहून लोक आलेत. नक्की भांडायला आले असणार. मी समोरच्या फुटपाथवर उभा राहून बघितलं. भांडण दिसलं नाही. ब्योब्लिंगेनची एक बाई त्याच्यासाठी केक घेऊन आली होती.

लोकांना वाचता येत नाही. देशाचं अवघड आहे.

१ मे, बुधवार

सूड, भाग दुसरा. हा उघड, सर्वांसमोर.

चौकात मे महिन्याच्या सणाचा सजवलेला खांब उभारायला सगळं गाव जमलं होतं. उल्लीने त्याची डिझेल व्हॅन अगदी बिअरच्या टेबलांजवळ लावलेली. फिल्टर चांगला असेल तर एक्झॉस्टचं तोंड आतून स्वच्छ राहतं, खराब असेल तर काळं पडतं. स्वतः गॅरेजवाला असून याचं तोंड काळं असणार ही माझी खात्री. कडक इस्त्रीचा पांढरा रुमाल घेऊन गेलो. मोठ्याने म्हणालो, "मंडळी, इकडे लक्ष द्या!" गुडघ्यावर बसलो, नळीत बोट घालून रुमाल गरागरा फिरवला आणि वर धरला.

पांढरा.

पुन्हा फिरवला, आणखी खोल. पांढराच. टाळ्या पडल्या. उल्ली धावत आला, मला हाताला धरून उठवलं आणि ओरडला, "बघा, मास्तरांचं सर्टिफिकेट! आता तर बोलूच नका!" मग माझ्या खांद्यावर हात टाकून फोटो. गुडरून म्हणाली, "ओयगेन, किती छान वागलास." तिच्या डोळ्यांत पाणी होतं. माझ्याही होतं, पण वेगळ्या कारणाने.

बिअर त्याने पाजली. प्यायलो. शत्रूचा साठा कमी करणं हाही एक डाव असतो.

१० मे, शुक्रवार

स्वेन्याला ड्रेसच्या फिटिंगला घेऊन निघालो. शिंपीण वर आल्बच्या पठारावर राहते. घाट लागला आणि गाडीचा जीवच गेला. पाय तळाला टेकलेला, गाडी गोगलगाय. मागे रांग लागली. एका ट्रॅक्टरने ओव्हरटेक केलं. मग आमच्या खालच्या मजल्यावरच्या त्सेलरबाई, बॅटरीच्या सायकलवरून, टोपलीत कुत्रं. त्यांनी घंटी वाजवली. कुत्र्याने मान वळवून बघितलं.

स्वेन्याने पट्टी उचकटली. खाली दोन दिवे निघाले. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू म्हणाली, "पप्पा, उल्लीकडे यंत्र आहे. तो जागच्या जागी साफ करून देईल. एका सकाळचं काम आहे. प्लीज."

मी म्हणालो, करून घेतो.

"त्याच्याकडून?"

मी म्हणालो, करून घेतो म्हटलं ना.

शिंपिणीकडे पोचेपर्यंत फिटिंगची वेळ टळून गेली होती.

संकल्प: जीव गेला तरी उल्लीकडे जाणार नाही.

१८ मे, शनिवार

माणूस सापडला. माइनराड, लाकडाच्या वखारीमागे. पाटी नाही, हात काळे, बोलणं कमी. तो म्हणाला, "साफ कशाला करायचं? काढूनच टाकू. डबा कापतो, आतली जाळी फोडतो, डबा परत जोडतो. बाहेरून कळणार नाही. कॉम्प्युटरलाही समजावून देतो. पण कायद्यात बसत नाही, आणि दाबली की धूर सोडेल."

मी म्हणालो, माझी गाडी धूर सोडणाऱ्यांतली नाही.

कायद्याचा विचार केला. आयुष्यभर लोकांना शिकवला. पण कायदा सरळ माणसांसाठी असतो. समोर उल्ली असताना सरळ कसं राहणार?

२७ मे, सोमवार

काम फत्ते!

माइनराडने ती जाळी फोडून काढली. मधाच्या पोळ्यासारखी, भोकाभोकांत गच्च काजळी. एवढी भरायला उल्लीला किती दिवस लागले असतील! पुरावा म्हणून एक तुकडा मागितला, पण तो म्हणाला, "इथून काही न्यायचं नाही आणि मला ओळखायचं नाही."

आणि गाडी! नुसता पाय ठेवला तर उडी मारते. दिवे गेले. पंख्याची घोंघावणी गेली. घाट चढून पाहिला, तिसऱ्या गिअरमध्ये. ट्रॅक्टर शोधला, मिळाला नाही.

५ जून, बुधवार

या आठवड्यात आमच्या इमारतीसमोरचा फुटपाथ झाडायची पाळी माझी. त्सेलरबाई खिडकीतून म्हणाल्या, "अहो राइब्ले, मी धुतलेल्या चादरी बघा. तुमची गाडी सुरू झाली की माझ्या चादरींना सुतक लागतं." मी त्यांना समजावलं, की हे त्यांच्या चिमणीमुळे होतं. त्या म्हणाल्या, "जूनमध्ये?"

बाईमाणूस आहे, गाडीतलं काय कळणार! सोडून दिलं.

संध्याकाळी स्वेन्याला फेरी मारून दाखवली. अर्थात हळू. दिवे नाहीत हे बघून तिने माझ्या गालाचा मुका घेतला. "गेलास ना शेवटी? मला माहीत होतं. थँक्यू, पप्पा." मी काही बोललो नाही. न बोलणं म्हणजे खोटं बोलणं नव्हे.

तिने लगेच आईला फोन केला. पलीकडून उल्लीचा आवाज ऐकू आला, "बघ! मी म्हटलं नव्हतं? हायवेवर दाबली असणार मास्तरांनी!"

श्रेय त्याला. फिल्टर मी काढला, श्रेय त्याला! हे मी विसरणार नाही.

१५ जून, शनिवार, पहाटे

आज. सूट चढवला. गाडी दोनदा धुतली. आरशांना पांढऱ्या फिती बांधल्या. मागचा बंपर जरा काळपट होता, पुसला.

क्रम ठरलाय. पुढे मी, शेजारी नवरी. मागे उल्ली, गुडरून आणि हेनिंगची आजी, त्या उघड्या गाडीत. हेनिंग आणि बाकीचे थेट तिकडे. म्हणजे संपूर्ण रस्ता उल्लीने माझी पाठ बघायची. याहून मोठा सूड मला सुचत नाही.

१६ जून, रविवार

वारा होता. हे आधी लिहून ठेवतो.

जाताना सगळं सुरेख. हायवेवर स्वेन्याने बूट काढून पाय वर घेतले, लहानपणी घ्यायची तसे. "घाबरलीस का?" विचारलं. म्हणाली, "थोडी. तू लग्नाच्या दिवशी घाबरला होतास?" मी म्हणालो, नाही, तिथेच चुकलं. ती इतकी हसली की डोळे टिपावे लागले. अशी ती माझ्याबरोबर कितीतरी दिवसांत हसली नव्हती.

मेर्सबुर्गच्या अलीकडे, द्राक्षमळ्यांपाशी, फोटोवाल्याने थांबवलं. नवरी उघड्या गाडीत बसली तर मागे सरोवर, उडती ओढणी, काय काय मिळेल म्हणाला. स्वेन्याने माझा हात धरला. "फक्त शेवटचं थोडं, पप्पा. फोटोपुरतं. तू पुढे राहा, तूच वाट दाखव."

मी हो म्हणालो. प्रतिष्ठेने. गुडरून आणि आजी माझ्या गाडीत आल्या. आजी म्हणाल्या, "इथे केरोसिनसारखा वास येतोय का?" गुडरून म्हणाली, "ओयगेन, खिडकी उघड."

मग चढ लागला. मी आरशात पाहिलं. मी नेहमीच आरशात बघतो. मागे उल्ली, शेजारी माझी मुलगी. तो काहीतरी म्हणाला आणि ती हसली. डोळे टिपण्याइतकी.

पाय दाबला गेला. म्हणजे चढ होता, पाय दाबावाच लागतो.

आरशात आधी रस्ता गेला, मग द्राक्षमळा, मग क्रीम रंगाची गाडी. काहीच उरलं नाही. गुडरून मागे वळून किंचाळली, "थांब! अरे, थांब!"

थांबलो. धूर सावकाश सरला. उल्ली आधी दिसला, राखाडी. त्याने स्वतःचा कोट काढून स्वेन्यावर धरला होता, पण उशिरा. ड्रेसचा रंग मी इथे लिहीत नाही. चेहरा काळा, डोळे तेवढे पांढरे. मला वाटलं होतं ती रडेल. ती गाडीतून उतरली, मळ्यातल्या नळावर गेली, तोंड धुतलं, रुमालाने पुसलं. मी म्हणालो, वारा या बाजूचा होता ना, म्हणून. तिने माझ्याकडे बघितलंच नाही. उल्लीने धुराचा वास घेतला, माझ्या गाडीच्या मागे वाकून पाहिलं आणि सरळ उभा राहिला. त्याला कळलं होतं. तो कुणाला काही बोलला नाही. हा त्याचा सगळ्यात नीच डाव.

मेर्सबुर्गला पोचल्यावर ती तशीच आत गेली आणि तशीच लग्न लावून आली. हेनिंगने तिला मिठी मारली, त्याचा शर्टही गेला. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

जेवणानंतर बाप आणि मुलीचा नाच होता. मला वाटलं ती येणार नाही. आली. अर्ध्या गाण्यात म्हणाली, "खरं सांग, पप्पा. तू ते काढून टाकलंस ना?"

मी म्हणालो, वारा होता.

गाणं संपेपर्यंत तिने हात सोडला नाही.

२३ जून, रविवार

फोन नाही.

२५ जून, मंगळवार

फोन आला. ड्रेस वाचला नाही. ती म्हणाली, "ड्रेसचं काही नाही. परत घालायचाच नव्हता. पण गाडी नीट होईपर्यंत मी तुझ्या गाडीत बसणार नाही. आणि उल्लीकडेच नीट करायची, दुसरीकडे नाही." मी विचारलं, त्याने सांगितलं का तुला माझ्याबद्दल? ती म्हणाली, "त्याने एक शब्द सांगितला नाही. मी विचारलं तर म्हणाला, मास्तरांना विचार."

२७ जून, गुरुवार

ठरवलं. जायचं, पण शरण नाही. उल्लीच्या तोंडावर सगळं सांगायचं, की गेले तीन महिने त्याच्यावर वार करणारा माणूस कोण. मग त्याचा चेहरा बघायचा. सुडाला साक्षीदार लागतो, नाहीतर तो सूडच नाही. भाषण आरशासमोर म्हणून पाहिलं. आवाज चांगला लागला.

२८ जून, शुक्रवार

गेलो. उल्ली गाडीखाली होता, नुसते पाय दिसत होते. पायांना उद्देशून बोललो. हिल्डे मीच, सांगितलं. रुमाल तुझी नाचक्की करायला आणला होता, सांगितलं. धूरही, थोडासा, तुझ्यासाठीच होता, सांगितलं.

तो बाहेर सरकला. मग म्हणाला, "हिल्डे तुम्ही होतात? अहो, मी तिला आभाराचं उत्तर लिहिलंय!" मग म्हणाला, "आणि तो रुमाल... मला आणि गुडरूनला वाटलं, मास्तरांचा राग गेला. आम्ही त्या दिवशी घरी जाऊन वाइन उघडली."

एवढंच. चेहरा बघायचा होता तो बघितला. वाईट वाटलेल्या माणसाचा होता. हे मला नको होतं. मला चिडलेला हवा होता.

मग त्याने हात पुसले आणि म्हणाला, "मास्तर, ही गाडी आता इथून हलवू नका. फिल्टरशिवाय रस्त्यावर सापडलात तर गाडीचा परवाना जाईल. नवीन मागवतो, यायला वेळ लागेल. तोवर आमची गाडी न्या."

मी म्हणालो, उपकार नकोत. तो म्हणाला, "उपकार कसले, सगळ्याच गिऱ्हाइकांना देतो." किल्ली हातात दिली.

२ जुलै, मंगळवार

उल्लीची गाडी छोटी आहे, विजेवर चालते. आवाज नाही, धूर नाही, एक्झॉस्टच नाही. चिडायला जागाच ठेवलेली नाही. दोन्ही दारांवर आणि बॉनेटवर मोठ्या निळ्या अक्षरांत: उल्ली क्नोडलर, तुमच्या गाडीचा माणूस.

ती दुपारी गल्लीत लावतो. दारं भिंतीकडे करून. एकच दार भिंतीकडे करता येतं.

६ जुलै, शनिवार

स्वेन्याला स्टेशनवरून आणलं. दार उघडून बसली, पट्टा लावला. "छान आहे," म्हणाली. ड्रेसचा विषय नाही, वाऱ्याचाही नाही. मीही काढला नाही.

चौकात सिग्नलला थांबलो. बेकरीवाल्याने दारातून गाडीकडे बघून हात केला आणि ओरडला, "हॅलो, उल्ली!" मागून त्सेलरबाईंनीही सायकलवरून केला.

मी काच खाली केली, चूक दुरुस्त करायला. तेवढ्यात हिरवा लागला.

स्वेन्या म्हणाली, "पप्पा, हात तरी कर."

केला.